पिकअपला पिकअप राहिला नाही? जुन्या कॉमन रेल गाडीची गेलेली ताकद परत मिळवताना

‘पिकअप’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. एक म्हणजे मागे हौदा असलेली गाडी आणि दुसरा म्हणजे ॲक्सिलेटर दाबल्यावर ती गाडी घेते ती उसळी. गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की पहिला पिकअप दारात उभा असतो आणि दुसरा कुठे गेला ते कळत नाही.

माझी गाडी २०१७ ची, बीएस-४ (धुराचा तेव्हाचा सरकारी निकष) डिझेल. हंगामात साखरप्याहून आंबा घाट चढून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या न्यायच्या आणि येताना भाजी, कांदा, गूळ जे मिळेल ते भरून आणायचं. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं की जी वळणं मी तिसऱ्या गिअरमध्ये काढायचो, तिथे आता दुसरा टाकावा लागतोय. चार मेकॅनिकना दाखवली, चार निदानं मिळाली. एक म्हणाला टर्बो गेला, दुसरा म्हणाला पंप, तिसरा म्हणाला चारही नोजल बदला. चौथा तर हसतच म्हणाला, “रीमॅप मारू (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदलू), रॉकेट होईल.” प्रत्यक्षात निघालं काय, तर एक फाटका पाइप, पाण्याने भरलेला डिझेल फिल्टर, एक दमलेला इंजेक्टर (इंजिनमध्ये डिझेल फवारणारं नोजल) आणि एक रबरी मॅट. मॅटची गोष्ट पुढे येईल, हसू नका.

म्हणून आधीच सांगतो, जुन्या गाडीत ‘जास्त ताकद घालणं’ हा शेवटचा विचार. कंपनीने दिलेली आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेली ताकद मधे कुठेतरी अडकली आहे, ती आधी मोकळी करा. खालचा क्रम मी ठेचा खाऊन शिकलो. फुकटातली कामं आधी आणि महागातली शेवटी असा तो लावला आहे.

हे कोणत्या गाडीला लागू? १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ सक्तीचं झालं. त्या काळातल्या बोलेरो पिकअप, झेनॉन, डी-मॅक्स अशा कॉमन रेल टर्बो डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. कॉमन रेल म्हणजे पंप एका सामायिक नळीत, रेलमध्ये, मोठ्या दाबाने डिझेल भरून ठेवतो आणि सगळे इंजेक्टर तिथून ते घेतात. त्याआधीच्या साध्या पंपाच्या गाडीला यातलं अर्धंच लागू पडेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचं धूर साफ करणारं सगळं प्रकरण वेगळं आहे, तिथे हा लेख वाचून पाना हातात घेऊ नका.

लागणारं सामान आणि कागद

८ ते १९ चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, चांगली बॅटरी (टॉर्च), साबणपाण्याची फवारणीची बाटली, सारख्या मापाच्या चार छोट्या प्लास्टिक बाटल्या, पारदर्शक नळीचे चार तुकडे, काचेची एक रिकामी बाटली, डोळ्यांना चष्मा, आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. स्कॅनर स्वतःचा नसला तरी चालेल, गॅरेजमध्ये मिळतो.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्या एका पिशवीत ठेवा. पावत्या अशासाठी, की डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे कुणालाही आठवत नसतं. आणि फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. २०१७ ची गाडी असेल तर तुम्ही आता दरवर्षीच्या रांगेत आलात. पुढे धुराचा आणि रीमॅपचा विषय येतो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

## १. आधी मोजा, मग हात लावा

“गाडी ओढत नाही” हे मोजमाप नव्हे. घाटाची वेळ लावणं हेही खरं मोजमाप नाही, कारण पुढे लाल परी लागली की तुमची पाच मिनिटं तिथेच गेली.

मी असं केलं. एक सपाट, सरळ, रिकामा रस्ता शोधला. हौद्यात दरवेळी तेवढंच वजन, इंजिन पूर्ण गरम, तिसरा गिअर. ३० च्या वेगावर गाडी स्थिर करायची, ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचा आणि ६० ला किती सेकंद लागतात ते बघायचं. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर स्पीडोमीटरचं चित्रण करायचं, सेकंद नंतर घरी मोजायचे. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वारा आणि उतार एकमेकांना कापतात. माझी सरासरी साधारण टनभर वजनासह १७ सेकंद आली. आकडा वहीत लिहिला, खाली तारीख टाकली.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातील.

## २. इंजिनवर आळ घेण्याआधी चाकं, ब्रेक, क्लच आणि पायाखाली बघा

इंजिन बिचारं ओढत असतं आणि मागून कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

ब्रेक: दहा-पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे लायनर चिकटतोय. कोकणातल्या पावसात हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते, ते हमखास तपासा.

टायर: हवा दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेली भरा, अंदाजाने नको. आणि ‘दिसायला भारी’ म्हणून मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर घाटातली ओढ तुम्हीच कमी केली आहे. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर जड होतो.

क्लच: चढावर चौथ्यात ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतोय, आरपीएमचा काटा वर जातोय, पण वेग तिथेच, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. जळकट वास आला की शंकाच नको. अशा गाडीला टर्बो नवा घातला तरी काही होणार नाही.

आणि आता मॅट. या गाड्यांत ॲक्सिलेटरला केबल नसते. पेडलच्या मुळाशी सेन्सर असतो आणि तो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो पाय किती दाबला ते. माझ्या गाडीत मूळ मॅटवर मी दुसरी जाड रबरी मॅट टाकली होती, चिखलासाठी. स्कॅनर लावला तेव्हा पाय तळाला टेकूनही पडद्यावर पेडल ८२ टक्के. मॅट काढली, ९९. मेकॅनिकचा पोरगा तोंड फिरवून हसला. त्या मॅटवर मी दोन हंगाम काढले होते.

## ३. आरशात धूर बघा

डिझेल इंजिनची ताकद म्हणजे जळलेलं डिझेल. ते जळायला पुरेशी हवा लागते. या दोघांतलं कोण कमी पडतंय हे धूर बऱ्यापैकी सांगतो.

काळा धूर आणि ओढ कमी: हवा कमी पडतेय, किंवा एखादा इंजेक्टर डिझेल नीट फवारत नाही. पायरी ४, मग ७ आणि ८.

धूर अजिबात नाही आणि ओढही नाही: डिझेल कमी पोचतंय, किंवा ईसीएमने मुद्दाम हात आखडता घेतलाय. पायरी ५ आणि ६.

निळसर धूर: ऑइल जळतंय.

गरम इंजिनला पांढरा धूर, त्यात कूलंट कमी होत असेल: थांबा, गाडी चालवू नका, हेड गॅस्केट तपासा.

याच वेळी आणखी एक गोष्ट करा. इंजिन गरम, मंद चालू, आणि ऑइल भरायचं झाकण हळूच उघडा. थोडी फुंकर येणारच. पण झाकण टणाटण उडतंय, फुसफुस धूर बाहेर येतोय, तर रिंगा-पिस्टन झिजले आहेत. अशा इंजिनवर पुढच्या पायऱ्यांचा खर्च करू नका. ते उतरवूनच करावं लागेल, आणि त्याचा हिशोब वेगळा आहे.

## ४. हवेची वाट: इथेच बहुतेकांची चोरी सापडते

एअर फिल्टरपासून सुरुवात करा. डबा उघडा. फिल्टर काळा झाला असेल तर बदला, ठोकून-झटकून किती दिवस चालवणार? माझ्या डब्यात काजूच्या टरफलांचा ढीग आणि कागदाचे कपटे निघाले. उंदराने बिऱ्हाड केलं होतं. कोकणात गाडी आठवडाभर उभी राहिली की हे होतंच. उंदीर आला म्हणजे वायरीही कुरतडल्या असणार, तेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या.

बाजारातला उघडा शंकूसारखा ‘स्पोर्ट’ फिल्टर लावायचा मोह होईल. नको. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. शिवाय त्यातल्या काही फिल्टरना तेल लावावं लागतं, ते तेल पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

आता टर्बोपासून इंजिनपर्यंतची वाट. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग इंजिनमध्ये जाते. या वाटेवर रबरी पाइप आणि क्लिपा असतात (आमच्या गॅरेजमध्ये सगळे ‘हॉर्स पाइप’ म्हणतात, मीही तेच म्हणतो). नऊ वर्षांच्या उष्णतेने हे पाइप फुगतात, चिरतात. गंमत अशी की उभ्या गाडीत चीर दिसत नाही. टर्बोचा दाब आला की ती ओठासारखी उघडते आणि दाब गेला की मिटते.

शोधायचं कसं? आधी हाताने. पाइपच्या खालच्या बाजूने बोटं फिरवा, जिथे डोळा पोचत नाही तिथे. माझं बोट इंटरकूलरच्या खालच्या पाइपवर फिरलं आणि काळं, तेलकट होऊन बाहेर आलं. बाकीचा पाइप धुळीने लाल आणि तेवढीच एक जागा ओली काळी. आतून येणाऱ्या हवेबरोबर ऑइलची बारीक वाफ असते, ती चिरेतून बाहेर पडून तिथे धूळ धरते. मग साबणपाणी फवारलं, एकाला ॲक्सिलेटर वाढवायला सांगितलं, आणि त्या जागी फेस आला. दोन इंचांची चीर. फवारताना हात, बाही, टॉवेल पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. उभ्या गाडीत दाब फारसा तयार होत नाही, त्यामुळे फेस आला नाही म्हणजे पाइप चांगला असं नव्हे. शंका असेल तर पाइप सोडवून हातात वाकवून बघा.

या चिरेमुळे एकाच दोषाची दोन वेगळी रूपं दिसतात, म्हणून मेकॅनिकही चकतात. टर्बोच्या अलीकडे हवा मोजणारा सेन्सर असेल तर ईसीएमला वाटतं हवा भरपूर आहे, तो डिझेल तेवढंच सोडतो, हवा मधेच निसटते आणि काळा धूर येतो. फक्त पुढच्या बाजूला दाब मोजणारा सेन्सर असेल तर ईसीएमला दाब कमी दिसतो, तो डिझेलच कमी करतो, धूर नाही आणि ओढही नाही.

पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या. पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. १७ चे १२ सेकंद झाले. ज्याने टर्बो बदलायला सांगितलं होतं त्याला मी अजून हे सांगितलेलं नाही.

इंटरकूलरची जाळी चिखल, गवत, किडे यांनी भरलेली असते. पाण्याच्या साध्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा पाण्याचा फवारा जवळून मारलात तर पातळ पापुद्रे वाकतात. तोच फवारा इंजिनवर मारून ईसीएमच्या प्लगमध्ये पाणी घालवलेले लोकही मला माहीत आहेत.

टर्बो स्वतः तपासायचा तर इंजिन बंद आणि थंड असताना हवेच्या तोंडाचा पाइप काढा आणि मधला दांडा बोटाने हलवा. वर-खाली अगदी थोडा हलतो, ते ठीक. आत-बाहेर जाणवण्याइतका हलत असेल किंवा पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर मात्र टर्बोचं काम आहे.

इथला सापळा: काही जण टर्बोच्या ॲक्च्युएटरची दांडी दोन आटे आवळून देतात, “प्रेशर वाढेल” म्हणून. दाब वाढतो, ईसीएमला तो जास्त दिसतो, आणि चढावरच ईसीएम ताकद आखडून घेतो. दांडी कुणी हलवली असेल तर मूळ मापावर आणून घ्या.

## ५. डिझेलची वाट

डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. काचेची बाटली धरा, सैल करा, पावभर येऊ द्या, आणि बाटली तासभर स्थिर ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. माझ्या बाटलीत तळाला दोन बोटं पाणी होतं आणि मधोमध सरळ रेघ. पावसाळ्यात हे दर महिन्याला करा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागायची वाट पाहू नका.

फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका. जुन्या गाड्यांत ते चालून जायचं. इथे पुढच्या पंपाला आणि इंजेक्टरला धुळीचा कणही सोसत नाही. फिल्टर कोरडाच बसवा, हातपंपाने डिझेल ओढा, पंप घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. मग स्टार्टर थोडा थोडा मारा, मधे विश्रांती द्या. हवा धरली म्हणून स्टार्टर सलग मारत बसलात तर तोच जळेल.

ड्रममधलं सुटं डिझेल, रॉकेल मिसळलेलं स्वस्त डिझेल, ‘थोडं पेट्रोल टाकलं की नोजल साफ होतात’ हा उपाय, तिन्ही बंद. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पातळ इंधन गेलं की पंप आतून झिजतो आणि त्याचा कीस रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो.

फिल्टर आणि टाकीची जाळी साफ झाल्यावर चालवून बघा. पूर्ण दाबल्यावर वरच्या आरपीएमला गाडी गुदमरायची, ते इथे थांबलं तर पुढे जायची गरजच नाही.

## ६. स्कॅनर: कोड वाचा, पण कोडवर अंध विश्वास नको

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा प्लग असतो. ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ डोंगल काही गाड्यांत चालतो, काही मालवाहू गाड्या त्याला जबाबच देत नाहीत. तेव्हा गॅरेजचा स्कॅनर लावा, आणि कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढा. पुष्कळ जण आधी पुसतात आणि मग विचारतात काय होतं.

पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पी०२३४ म्हणजे टर्बोचा दाब जास्त. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (जळलेले वायू परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व, पायरी ८) हवे तेवढे वायू जात नाहीत. पी०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं गणित जुळत नाही.

कोड हा पत्ता असतो, गुन्हेगाराचं नाव नव्हे. पी०२९९ वाचून टर्बो बदलणारे आणि पी००८७ वाचून पंप बदलणारे आपल्याकडे कमी नाहीत. पहिल्यात फाटका पाइप निघतो, दुसऱ्यात चोंदलेला फिल्टर.

कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे जास्त बोलतात. स्कॅनरवर रेल दाबाच्या दोन ओळी लावा, ईसीएमने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला. मंद चालू असताना तो साधारण २५० ते ३५० बारच्या आसपास असतो, लोड पडल्यावर हजाराच्या वर जातो. आकडा गाडीगणिक वेगळा, पण दोन ओळी हातात हात घालून चालल्या पाहिजेत. चढावर पाय दाबल्यावर मागितलेला वर गेला आणि मिळालेला मागे रेंगाळला तर डिझेलच्या बाजूला दोष आहे. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, शेजारच्याने बघायचं.

## ७. इंजेक्टर: बाटल्यांची परीक्षा

आधी इशारा, आणि हा मोठ्या अक्षरात वाचा. जुन्या पंपाच्या गाडीत कोणता सिलिंडर मार खातोय ते बघायला मिस्त्री चालू इंजिनवर नोजलचा नट सैल करायचे. हवा काढायलाही तेच. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. शेकडो बारच्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द सांगायचे.

आपण हात लावायचा तो परतीच्या बारीक नळ्यांना. प्रत्येक इंजेक्टर आलेल्या डिझेलमधलं थोडं परत टाकीकडे सोडतो. आतून झिजला की जास्त सोडतो, आणि रेलचा दाब तिथून गळतो.

इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरच्या परतीच्या नळ्या क्लिप काढून सोडवा. क्लिपा जुन्या प्लास्टिकच्या, मोडतात, म्हणून चार नव्या आणून ठेवा. टाकीकडे जाणाऱ्या मूळ नळीचं तोंड बंद करा. प्रत्येक इंजेक्टरला पारदर्शक नळी आणि एक बाटली लावा, बाटल्या एका ओळीत बांधून उभ्या करा. चष्मा लावा. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं मंद चालू द्या, बंद करा आणि चारही बाटल्या शेजारी ठेवा.

तीन सारख्या आणि एक दुप्पट भरलेली, तर चोर सापडला. माझ्या गाडीत तिसऱ्या बाटलीत इतरांच्या दुपटीहून जास्त डिझेल होतं. चारही थोड्या-थोड्या जास्त वाटल्या तर मात्र गाडीच्या कंपनीचं माप बघावं लागेल. काही इंजिनांत इंजेक्टर वेगळ्या जातीचे असतात, त्यांना परतीच्या नळीतही दाब लागतो आणि ही परीक्षा तिथे चालत नाही. करण्याआधी आपल्या इंजिनाबद्दल विचारून घ्या.

इंजेक्टर काढल्यावर तो डिझेल लॅबच्या बेंचवर तपासूनच निर्णय घ्या. परत बसवताना तीन गोष्टींवर डोळा ठेवा, कारण इथे घाई होते. तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना टाकला तर इंजेक्टरच्या बुडाशी गळती होते, “चफ-चफ” आवाज येतो आणि डांबरासारखा काळा थर बसतो. दुसरी, प्रत्येक इंजेक्टरवर अक्षर-अंकांचा कोड कोरलेला असतो. नवा बसवला तर तो कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, म्हणजे ईसीएम त्या नगाच्या स्वभावाप्रमाणे डिझेल मोजतो. चारही कोडांचे फोटो बसवण्याआधीच काढा, नंतर तिथे डोळा पोचत नाही. तिसरी, काढलेले इंजेक्टर ज्याच्या त्याच्या जागी. अदलाबदल झाली तर कोडही चुकले.

पंप लगेच बदलायला सांगणाऱ्याला एकच विचारा, “बाटल्या लावून बघितल्या का?”

टाकीत ओतायच्या ‘इंजेक्टर क्लीनर’ने झिजलेलं पोलाद परत येत नाही. एवढंच त्याबद्दल.

## ८. ईजीआर आणि सायलेन्सर

ईजीआर व्हॉल्व जळलेल्या वायूंचा थोडा भाग परत इंजिनमध्ये सोडतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. वर्षानुवर्षांच्या काजळीने तो उघडाच अडकतो. मग चांगल्या हवेच्या जागी धूर इंजिनमध्ये जातो, काळा धूर येतो आणि ओढ जाते. काढून काजळी साफ करा, गॅस्केट नवं टाका. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) तोंडातही बोटभर जाड काजळी असते, तीही काढा, पण इंजिनमध्ये तुकडे पडू देऊ नका.

“पत्रा मारून बंद करून टाकू” हा सल्ला प्रत्येक गॅरेजात मिळेल. बेकायदा तर आहेच, पण फायदाही नाही. ठणठणीत ईजीआर पूर्ण लोडवर तसाही बंदच असतो. म्हणजे घाटात, जिथे तुम्हाला ताकद हवी, तिथे पत्र्याने काहीच मिळत नाही. मिळतो तो पेटलेला चेक लाइट.

सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुटून वाट अडवू शकतो. खाली आपटलेला, वाजणारा असेल तर तपासा. पोकळ करून बसवू नका.

## ९. मग रीमॅपचं काय?

आठ पायऱ्यांनंतर माझी गाडी तिसऱ्यात ३० ते ६० ला ११ सेकंदांवर आली. मी इथे थांबलो. तुम्हाला पुढे जायचंच असेल तर निदान काय विकत घेताय ते कळून घ्या.

रीमॅप म्हणजे ईसीएममधलं गणित बदलणं: डिझेल किती, किती वेळ, रेलचा दाब किती, टर्बोचा दाब किती. टर्बो डिझेलमध्ये याने ओढ खरंच वाढते, खोटं नाही. पण वाढलेल्या प्रत्येक थेंबाची उष्णता पिस्टन, टर्बो, हेड आणि क्लच यांनी सोसायची असते. रिकामी पळणारी कार ती काही सेकंद सोसते. घाट चढणारा भरलेला पिकअप ती सलग पंधरा-वीस मिनिटं सोसतो. कारवर यशस्वी झालेली फाइल पिकअपमध्ये घालणाऱ्यापासून लांब राहा.

प्लग लावून बसवायच्या स्वस्त डब्यांचं गणित आणखी कच्चं. बरेच डबे फक्त रेल दाबाच्या सेन्सरचा आकडा खोटा कमी दाखवतात. ईसीएम फसतो, दाब वाढवतो. खरा दाब किती झाला हे मग कुणालाच माहीत नसतं, तुम्हालाही नाही आणि ईसीएमलाही नाही.

कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बीएस-४ डिझेलच्या धुराची मर्यादा ५० एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, जास्त डिझेलचा काळा धूर ती सहज ओलांडतो. अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला हा बदल म्हणजे आयतं कारण.

आणि ताकद वाढली म्हणून वजन वाढवायचं असेल तर इथेच थांबा. आरसीवर लिहिलेलं वजन इंजिनवरून नाही, चासी, एक्सल, ब्रेक आणि टायरवरून ठरलेलं असतं. रीमॅप करून दोन टन चढवलेला पिकअप वर चढेलही. त्याला तोच घाट उतरायचाही असतो, मूळ ब्रेकवर.

चढताना आता माझी एकच सवय नवी आहे. वर आंबा गावाला पोचलो की इंजिन लगेच बंद करत नाही. टर्बो लालबुंद झालेला असतो, एकदम बंद केलं तर त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइल तिथेच जळून बसतं. एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवतो, तोवर टपरीवाल्याला चहा सांगून येतो, मग चावी फिरवतो.